व्हिसावरची तारीख आणि मुक्कामाचे दिवस

माननीय संपादक महोदय,

आपल्या पुरवणीत परदेश प्रवासावर नेमाने लेख येतात. कोणत्या ऋतूत कुठे जावे, तिकिटे किती आधी काढावीत, कोणते शहर किती दिवसांत बघून होते, ही माहिती त्यांत भरपूर असते आणि तिचा उपयोग मी स्वतः अनेकदा केला आहे. परंतु ठरलेल्या दिवशी परत निघणे अशक्य झाले, तर परक्या देशातला पुढचा मुक्काम कायदेशीर कसा करून घ्यायचा, याविषयी मला आजवर फारसे काही वाचायला मिळालेले नाही. गेल्या वर्षी हा प्रश्न आमच्यासमोर अगदी ऐन वेळी उभा राहिला. त्यातून जे समजले ते इतरांना घरून निघण्यापूर्वीच समजावे, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

शेंगेन क्षेत्रातील, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांपैकी, एका देशात, सहलीच्या १२व्या दिवशी, गुरुवारी सकाळी, माझे यजमान हॉटेलच्या जिन्यावरून घसरले आणि त्यांच्या मांडीचे हाड मोडले. त्याच रात्री शस्त्रक्रिया झाली. किमान तीन आठवडे विमानात बसता येणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. सहल १४ दिवसांची होती, त्यामुळे बाकीची मंडळी शनिवारी परत निघणार होती. सहल कंपनीच्या प्रतिनिधीला मी व्हिसाचे विचारले, तेव्हा त्याने पासपोर्ट उघडून स्टिकरवरची शेवटची तारीख दाखवली आणि म्हणाला, ‘काकू, अजून १९ दिवस आहेत, व्हिसाची काळजीच करू नका.’ तो खोटे बोलत नव्हता, त्याची तशी खरोखरच समजूत होती. शुक्रवारी संध्याकाळी रुग्णालयातल्या समाजसेविकेने तेच स्टिकर पाहिले आणि त्या तारखेच्या खाली, दुसऱ्या एका रकान्यावर बोट ठेवले. तिथे फक्त १६ हा आकडा होता. आम्हाला त्या देशात १६ दिवस राहण्याची परवानगी होती आणि सोळावा दिवस म्हणजे सोमवार. शनिवार-रविवार कार्यालय बंद. म्हणजे मुदतवाढीचा अर्ज करायला आमच्या हातात नेमका एक कामाचा दिवस उरला होता, आणि तोही शेवटचाच.

या दोन रकान्यांतला फरक समजावून सांगितला तर अवघड नाही, पण तो सांगतच कोणी नाही. शेंगेन व्हिसावर एक असते वैधतेची मुदत, म्हणजे कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत तो व्हिसा वापरता येईल, आणि दुसरे असतात मुक्कामाचे दिवस, म्हणजे त्या मुदतीत प्रत्यक्ष किती दिवस राहता येईल. युरोपीय संघाच्या व्हिसा संहितेनुसार मंजूर मुक्कामापेक्षा वैधतेची मुदत १५ दिवसांनी अधिक ठेवली जाते, ती केवळ जाण्याची तारीख थोडी मागेपुढे झाली तर अडचण येऊ नये म्हणून. आमच्या स्टिकरवरचे जास्तीचे दिवस हेच होते. प्रवेशाचा दिवस पहिला धरला जातो, परतीचा दिवसही मोजला जातो, आणि आकडा पूर्ण झाला की वैधतेची तारीख कितीही पुढची असली तरी मुक्काम बेकायदा ठरतो.

आता मुदतवाढीविषयी. त्याच संहितेच्या ३३व्या कलमात यासाठी दोन वाटा दिलेल्या आहेत. माणसाच्या हाताबाहेरचे कारण असेल किंवा मानवतेच्या दृष्टीने निघणे शक्य नसेल, आणि तसा पुरावा दिला, तर मुदत वाढवून देणे संबंधित यंत्रणेवर बंधनकारक आहे आणि त्यासाठी शुल्क घेतले जात नाही. कारण वैयक्तिक पण गंभीर असेल, तर मुदत वाढवली जाऊ शकते आणि त्याचे शुल्क ३० युरो आहे. ‘गाव आवडले, अजून आठवडाभर राहू’ हे कारण या दोन्हींत बसत नाही. अर्ज करायचा तो, आपण त्या क्षणी ज्या देशात आहोत तिथल्या यंत्रणेकडे. मी प्रथम व्हिसा देणाऱ्या वकिलातीला ईमेल पाठवण्यात बराच वेळ घालवला, आणि हीच चूक बहुतेक जण करतात. व्हिसा देणे वकिलातीचे काम आहे, पण देशात शिरल्यानंतरचा मुक्काम तिथले परकीय नागरिकांचे कार्यालय किंवा इमिग्रेशन विभाग पाहतो.

सोमवारी सकाळी मी दोन पासपोर्ट, फोटो, परतीच्या तिकिटाची प्रत, बँकेचे विवरण आणि रुग्णालयाचे पत्र घेऊन रांगेत उभी राहिले. खिडकीपलीकडच्या बाईंनी पत्र वाचून परत केले. त्यात ‘रुग्ण दाखल आहे’ एवढेच होते. त्यांना शस्त्रक्रियेची तारीख, विमानप्रवास का करता येणार नाही याचे कारण आणि लवकरात लवकर कोणत्या तारखेला करता येईल हे, डॉक्टरांच्या सहीनिशी हवे होते. रुग्णालयाने तासाभरात नवे पत्र ईमेलने धाडले म्हणून निभावले. वाढीव दिवसांचा वैद्यकीय विमाही त्यांनी मागितला. विम्याची मूळ पॉलिसी सहलीच्या तारखांपुरतीच होती. समाजसेविकेच्या सांगण्यावरून मी शनिवारीच फोन करून ती वाढवून घेतली होती, आणि तसे केले नसते तर त्या दिवशी अर्ज अपुरा राहिला असता. आणखी एक गोष्ट मला तिथेच कळली: प्रत्येक पासपोर्टचा अर्ज स्वतंत्र असतो. हाड यजमानांचे मोडले होते, माझे नव्हे, त्यामुळे मी का थांबते आहे हे मला वेगळे लिहून द्यावे लागले. त्यांच्याकडून काही घेतले नाही, माझ्याकडून ३० युरो घेतले, आणि दोघांनाही २४ दिवसांची वाढ देणारी नवी स्टिकरे मिळाली. त्या बाईंचे वागणे कोरडे होते, पण त्यांनी मला रिकाम्या हाताने परत पाठवले नाही, हे मी कृतज्ञतेने नोंदवते.

हा घोटाळा शेंगेनपुरता नाही. अमेरिकेचा पर्यटक व्हिसा १० वर्षांचा मिळाला की १० वर्षांत हवे तेव्हा हवे तितके राहता येते, असे मानणारी सुशिक्षित माणसे मी पाहिली आहेत. तो व्हिसा फक्त दारापर्यंत नेतो; मुक्काम किती हे प्रवेशाच्या वेळी अधिकारी ठरवतो, साधारणतः सहा महिन्यांपर्यंत, आणि त्याची तारीख आय-९४ या नोंदीत असते, जी प्रवेशानंतर प्रत्येकाने ऑनलाइन पाहून घ्यायला हवी. वाढ हवी असेल तर आय-५३९ हा अर्ज त्या तारखेपूर्वी भरावा लागतो, आणि तिथली यंत्रणा निदान ४५ दिवस आधी तो भरण्याचा सल्ला देते. ती तारीख उलटून राहिले, तर १० वर्षांचा तो व्हिसाच रद्दबातल होतो. बेकायदा मुक्काम १८० दिवसांच्या वर गेल्यावर जो देश सोडतो त्याला तीन वर्षे, आणि वर्षभर किंवा अधिक राहिल्यास १० वर्षे पुन्हा प्रवेशास बंदी होऊ शकते. ब्रिटनचा दीर्घ मुदतीचा पर्यटक व्हिसाही असाच फसवतो: व्हिसा दोन, पाच किंवा १० वर्षांचा असला तरी एका खेपेचा मुक्काम सर्वसाधारणपणे सहा महिन्यांहून अधिक नसतो. ऑस्ट्रेलियाच्या काही पर्यटक व्हिसांवर ८५०३ ही अट असते. ती असेल तर त्या देशात राहून दुसऱ्या व्हिसासाठी बहुतेक वेळा अर्जच करता येत नाही, आणि ती उठवून घ्यायची तर परिस्थिती आपल्या हाताबाहेर गंभीरपणे बदलल्याचे दाखवावे लागते. हा चार आकडी क्रमांक किती जण निघण्यापूर्वी वाचतात?

याउलट काही देशांत मुदतवाढ ही नेहमीची, सरळ गोष्ट आहे. थायलंडमध्ये इमिग्रेशन कार्यालयात टीएम-७ हा अर्ज १,९०० बाट शुल्कासह दिला की पर्यटकाला सामान्यतः आणखी ३० दिवस मिळतात. इंडोनेशियात आगमनावेळी घेतलेला ३० दिवसांचा व्हिसा एकदा, आणखी ३० दिवसांसाठी वाढवता येतो. कॅनडा अर्ज ३० दिवस आधी करायला सांगतो, आणि मुदतीच्या आत अर्ज केलेल्याला निर्णय येईपर्यंत देशात राहू देतो. ही शेवटची सवलत फार मोलाची आहे, पण ती सगळीकडे आहे असे गृहीत धरून चालणे धोक्याचे आहे. म्हणून अर्ज दिल्यावर त्याची पोच आणि ‘निर्णय होईपर्यंत माझा मुक्काम कायदेशीर आहे का’ या प्रश्नाचे लेखी उत्तर, या दोन्ही गोष्टी खिडकीवरच मागून घ्याव्यात.

काही प्रवासी दोन उपाय मोठ्या विश्वासाने एकमेकांना सांगतात, त्यांविषयी मला तळमळीने लिहावेसे वाटते. पहिला म्हणजे सीमा ओलांडून शेजारच्या देशात जायचे आणि दुसऱ्या दिवशी परत यायचे, की दिवस नव्याने सुरू. शेंगेनमध्ये याचा काहीच उपयोग नाही, कारण तिथे कोणत्याही १८० दिवसांत एकूण ९० दिवस हा हिशेब चालतो. बाहेर जाऊन आल्याने मागचे दिवस पुसले जात नाहीत. इतरत्रही वारंवार असे करणाऱ्याला सीमेवरचा अधिकारी प्रवेश नाकारू शकतो, आणि मग सामान एका देशात व माणूस दुसऱ्या देशात अशी अवस्था होते. दुसरा उपाय म्हणजे ‘दोन-चार दिवस जास्त झाले तर विमानतळावर दंड भरायचा.’ दंड असतो हे खरे आहे. थायलंडमध्ये तो दिवसाला ५०० बाट, कमाल २०,००० बाटपर्यंत आहे. इंडोनेशियात दिवसाला १० लाख रुपिया. परंतु दंड म्हणजे परवानगीची किंमत नव्हे. थायलंडमध्ये विमानतळावर पोहोचण्याआधीच रस्त्यात तपासणीत सापडले, तर अटक होते आणि वर्षाच्या आतल्या जादा मुक्कामालाही पाच वर्षांची प्रवेशबंदी लागू शकते. शिवाय पुढे कोणत्याही देशाच्या व्हिसा अर्जात ‘पूर्वी कुठे मुदतीपेक्षा जास्त राहिला आहात का’ असा प्रश्न आला, तर त्याचे उत्तर आयुष्यभर ‘होय’ असेच द्यावे लागते.

पूर्वी पासपोर्टवरचा अस्पष्ट शिक्का कोणी बारकाईने मोजत नसे, असेही सांगितले जाते. युरोपात १२ ऑक्टोबर २०२५ पासून प्रवेश आणि निर्गमनाची संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे, तीत बोटांचे ठसे आणि चेहरा घेतला जातो. आता दिवस यंत्रच मोजते. एका दिवसाचा फरकही त्यात दिसतो.

करोनाच्या काळात, २०२० मध्ये, थायलंड आणि इंडोनेशियासह अनेक देशांनी अडकलेल्या परदेशी प्रवाशांच्या मुदती आपण होऊन वाढवल्या होत्या. ते लक्षात असलेले लोक आजही समजतात की संकट आले की मुदत आपोआप वाढते. तो जगभरातल्या टाळेबंदीतला अपवाद होता. एप्रिल २०१० मध्ये आइसलँडमधील ज्वालामुखीच्या राखेने युरोपचे आकाश कित्येक दिवस बंद पाडले आणि लाखो प्रवासी खोळंबले. त्याच महिन्याच्या ५ तारखेपासून व्हिसा संहिता लागू झाली होती. विमानेच बंद असणे हे हाताबाहेरचे कारण निर्विवादपणे आहे, तरीही संहितेप्रमाणे मुदतवाढ मिळते ती पुरावा देणाऱ्याला. विमान रद्द झाल्याचा कंपनीचा संदेश, नव्या तिकिटाची तारीख, रुग्णालयाचे पत्र, यांतले जे असेल ते त्याच दिवशी जपून ठेवावे. पासपोर्टचीही मुदत पाहावी, कारण शेंगेन व्हिसासाठी ती परतीच्या नियोजित तारखेनंतर निदान तीन महिने असावी लागते, आणि परतीची तारीख पुढे गेली की हे गणितही बदलते.

सहल कंपन्यांना माझी विनंती अशी आहे की प्रवाशाला निघण्यापूर्वी जो कार्यक्रमपत्रक दिला जातो, त्यावर विमानाच्या वेळांच्या बरोबरीने तीन ओळी छापाव्यात: या व्हिसावर मुक्कामाचे दिवस किती, त्यानुसार राहण्याचा शेवटचा दिवस कोणता, आणि अडचण आल्यास त्या देशात मुदतवाढीचा अर्ज कोणत्या कार्यालयात, कोणत्या वारी करता येतो. त्यांच्या प्रतिनिधींना स्टिकरचे सगळे रकाने वाचायला शिकवायला अर्धा तास पुरेल. आणि आपल्या पुरवणीला विनंती अशी की प्रत्येक देशावरच्या लेखाच्या शेवटी, प्रवासाचा उत्तम काळ आणि चलन या माहितीशेजारी, मुदतवाढ मिळते की नाही, कुणाकडे मागायची आणि किती आधी मागायची, एवढे छापावे. शुल्क आणि नियम बदलतात, म्हणून त्या देशाच्या इमिग्रेशन विभागाच्या अधिकृत संकेतस्थळाचे नावही सोबत द्यावे. आमच्या बाबतीत हे काम रुग्णालयातल्या एका अनोळखी बाईने शुक्रवारी संध्याकाळी, स्वतःची कामाची वेळ संपल्यावर केले. तिने ते केले नसते तर मंगळवारपासून आम्ही दोघेही त्या देशात बेकायदा राहत असतो आणि आम्हाला ते ठाऊकही नसते.

आपली विश्वासू,
एक नियमित वाचक