हे वैर हजारो वर्षांचं नाहीये

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात गाझाच्या बातमीशेजारी एक चौकट होती, "हजारो वर्षांचं वैर" असं हेडिंग दिलेली. त्यात इब्राहिमची दोन मुलं इसहाक आणि इस्माईल इथून सुरुवात करून चार ओळींत थेट आजच्या रॉकेटपर्यंत उडी मारली होती, मधलं सगळं गाळून. मला ते वाचून खरंच वाईट वाटलं. कारण हे एकदा मान्य केलं की आपण सगळे "त्यांच्या पाचवीलाच पुजलंय ते" म्हणून पान उलटायला मोकळे होतो. हजारो वर्षांचं भांडण असेल तर जाब कोणाला विचारणार? पण भांडण जेमतेम एकशेचाळीस वर्षांचं असेल तर कुठल्या वर्षी कोणी कुठल्या कागदावर सही केली हे सांगता येतं, आणि या भांडणाबद्दल ते बऱ्यापैकी सांगता येतं म्हणून हे लांबलचक पत्र.

जुन्या काळाबद्दल आधी बोलतो. अरब राजवटीत ज्यू लोक सुखात नांदत होते असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. मुस्लिम राज्यात ते दुय्यमच होते, जिझिया भरत होते, आणि १०६६ साली ग्रॅनाडात त्यांची मोठी कत्तल झाली. पण त्याच शतकात, १०९९ मधे, युरोपातून आलेल्या क्रुसेडवाल्यांनी जेरुसलेम घेतलं तेव्हा मुसलमान आणि ज्यू दोघांनाही एकाच तलवारीने कापलं. मायमोनिडीस हा ज्यूंचा केवढा मोठा धर्मपंडित, तो इजिप्तचा मुसलमान सुलतान सलादीन याच्या दरबारात वैद्य होता. १४९२ ला स्पेनच्या ख्रिस्ती राजाराणीने ज्यूंना देशाबाहेर काढलं तेव्हा तुर्कांच्या सुलतानाने, दुसऱ्या बायझिदने, त्यांना आपल्याकडे घेतलं आणि सलोनिका, इस्तंबूल, इझमीर अशा गावांत ते चारशे वर्षं राहिले. म्हणजे भलंबुरं दोन्ही होतं, पण "ही जमीन तुझी का माझी" हे भांडण तेव्हा नव्हतंच. पॅलेस्टाईनमधे १८८०च्या सुमारास साडेचार-पाच लाख लोक असतील, त्यात ज्यू वीस-पंचवीस हजार, बहुतेक जेरुसलेम, हेब्रॉन, सफेद, तिबेरियास या चार पवित्र शहरांत. शेजारी होते, कुरबुरी होत्या, युद्ध नव्हतं.

मग आग लागली कुठे? तर रशियात. १८८१ मधे झार दुसऱ्या अलेक्झांडरचा खून झाला आणि त्याचं खापर ज्यूंवर फोडून गावोगाव त्यांची घरं लुटली, माणसं मारली. फ्रान्ससारख्या सुधारलेल्या देशात १८९४ ला ड्रायफस नावाच्या ज्यू कॅप्टनला खोट्या हेरगिरीत अडकवलं. व्हिएन्नाचा पत्रकार थिओडोर हर्झल हे सगळं बघत होता आणि त्याला कळून चुकलं की युरोप आपल्याला कधीच आपलं म्हणणार नाही. १८९७ ला स्वित्झर्लंडमधल्या बाझलला पहिली झायोनिस्ट काँग्रेस, म्हणजे ज्यूंना पॅलेस्टाईनमधे स्वतःचं घर हवं म्हणणाऱ्यांची परिषद, भरली ती यातूनच. छळ पुढेही थांबला नाहीच, १९०३ मधे रशियातल्या किशिनेव्हला एकोणपन्नास ज्यू मारले गेले. मला त्या लोकांबद्दल मनापासून वाईट वाटतं, जीव मुठीत धरून पळणाऱ्याला कुठेतरी टेकायला जागा हवी असते. ज्यू प्रार्थनेत सियोनचं, म्हणजे जेरुसलेमचं, नाव हजारो वर्षं होतंच, ते खरं नातं होतं, पण प्रार्थनेतलं गाव आता नकाशावरचा देश व्हायला निघालं ते युरोपच्या छळामुळे.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते सांगतो. १ मार्च १८९९ ला युसुफ झिया अल-खालिदी नावाच्या गृहस्थांनी एक पत्र लिहिलं. हे जेरुसलेमचे माजी महापौर, तुर्की पार्लमेंटमधे निवडून गेलेले, व्हिएन्नात शिक्षक म्हणून राहिलेले, विद्वान माणूस. पत्र फ्रेंचमधे, फ्रान्सचे मुख्य रब्बी (ज्यू धर्मगुरू) झादोक कान यांना, त्यांनी हर्झलला दाखवावं म्हणून. त्यात सुरुवातीलाच खालिदी म्हणतात की ज्यूंचा पॅलेस्टाईनवरचा हक्क कोण नाकारेल, देवा, इतिहासाने तो तुमचाच देश आहे. हे एक अरब मुसलमान म्हणतोय, १८९९ मधे! पण पुढे ते सांगतात की तिथे आज दुसरे लोक राहतात, तो ओसाड नाही, तुम्ही आलात तर लोक उठतील, जगात दुसरी मोकळी जागा असेल ती बघा. आणि शेवटी हात जोडल्यासारखं एक वाक्य, देवाशपथ, पॅलेस्टाईनला सुखाने राहू द्या.

हर्झलने उत्तर १९ मार्चला लिहिलं. तेही आदबीचं पत्र आहे, कुठेही उद्धटपणा नाही. पण त्यात तो लिहितो की तिथल्या लोकांना घालवून द्यायचं कोणाच्या मनात येईल, उलट आम्ही येऊ तर त्यांची भरभराटच होईल, त्यांच्या जमिनींच्या किमती वाढतील. बस. तिथे आधीच दुसरे लोक राहतायत असं खालिदी सांगत होते आणि उत्तर मिळालं ते जमिनीच्या भावाचं. मी ही दोन पत्रं कितीदा वाचली असतील, दरवेळी वाटतं की सगळं भांडण इथेच समोरासमोर बसलंय, अजून एकही गोळी सुटलेली नाही, दोन शहाणी माणसं सभ्यपणे बोलतायत आणि तरी एकमेकांना ऐकू जात नाहीये.

आणि जमिनीचं काय होत होतं ते बघा. तुर्कांनी १८५८ मधे जमीन कायदा केला, प्रत्येक जमीन कोणाच्या तरी नावावर लागली पाहिजे. शेतकरी घाबरला, नाव लावलं तर सारा मागतील, पोराला फौजेत नेतील, म्हणून बऱ्याच जणांनी शहरातल्या बड्या माणसाच्या नावावर लावून टाकली. काही जमीन सरकारने सरळ विकली. बैरुतच्या सुरसोक नावाच्या सावकार घराण्याने १८७२ ला जेझरील खोऱ्यातली गावंच्या गावं अशी घेतली. कागदावर मालक बैरुतला, कसणारं कूळ गावात, आणि कुळाच्या लेखी मालक बदलला तर बदलला, आपण आहोत तिथेच राहणार, पिढ्यान् पिढ्या तसंच चाललं होतं. १९२०च्या दशकात सुरसोकांनी ते खोरं ज्यू संस्थांना विकलं. व्यवहार कायदेशीर, पैसे चोख मोजलेले, कोणी लुटलं नाही. पण ज्यू नॅशनल फंड, जो १९०१ ला निघाला, त्याचा नियमच होता की घेतलेली जमीन परत विकायची नाही आणि कसायची ज्यूंनीच, मजूरही ज्यूच. त्यांच्या बाजूने विचार केला तर तेही समजतं, दुसऱ्याच्या घामावर जगणारे मळेवाले जमीनदार व्हायचं नाही, आपल्या हाताने राबायचं, असं त्या तरुण पोरांचं स्वप्न होतं. पण त्या स्वप्नात कुळाला जागा नव्हती.

हे त्यांच्यातल्याच एकाने वेळेवर सांगितलं होतं. इत्झहाक एपस्टाईन नावाचा गॅलिलीतला ज्यू शिक्षक, स्वतः रशियातून आलेला, त्याने १९०७ मधे हिब्रूत लेख छापला. त्यात त्याने रोश पिना ही वसाहत झाली तेव्हाची आठवण लिहिलीय. जमीन सोडून निघालेली कुटुंबं, पुरुष गाढवांवर, मागून बायका रडत चालल्यायत, सगळं खोरं त्या आक्रोशाने भरलंय, आणि चालता चालता त्या थांबतायत आणि दगडांचे, मातीचे मुके घेतायत. तो आवाज अजून कानात घुमतोय असं तो लिहितो. त्याचं म्हणणं एवढंच की आपण जमीन विकत घेतोय पण त्यावर राबणाऱ्या माणसाचा प्रश्न कोणी विचारतच नाहीये. त्याच्या आधी १८९१ ला अहाद हाआम या ज्यू लेखकानेही लिहिलं होतं की देश रिकामा आहे ही समजूत काढून टाका, न नांगरलेलं शेत तिथे शोधून सापडत नाही. ऐकलं नाही कोणी.

मग आले ब्रिटिश, आणि माझा खरा राग आहे तो इथे. पहिलं महायुद्ध जिंकायचं होतं म्हणून एकाच मालाचा सौदा त्यांनी तिघांशी केला. १९१५-१६ मधे इजिप्तमधले त्यांचे हाय कमिशनर मॅकमहॉन यांनी मक्केच्या शरीफ हुसेनला पत्रं लिहून सांगितलं की तुर्कांविरुद्ध उठा, अरबांना स्वातंत्र्य देऊ, आणि दमास्कस-होम्स-हमा-अलेप्पोच्या पश्चिमेचा भाग वगळला असं इतकं मोघम लिहिलं की त्यात पॅलेस्टाईन येतं का नाही यावर नंतर वीस वर्षं वाद घातला. १९१६ च्या मे महिन्यात फ्रान्सबरोबर गुपचूप सायक्स-पिको करार करून सगळा प्रदेश आपापसात वाटून घेतला. आणि २ नोव्हेंबर १९१७ ला ब्रिटिश परराष्ट्रमंत्री बाल्फोरचं पत्र, इंग्रजीत फक्त ६७ शब्दांचं, की पॅलेस्टाईनमधे ज्यूंचं राष्ट्रीय घर व्हावं. त्या दिवशी जेरुसलेम अजून तुर्कांच्याच ताब्यात होतं! तिथे दहातले नऊ लोक अरब, पण त्या ६७ शब्दांत अरब हा शब्दच नाही, "ज्यू नसलेले समाज" असं म्हटलंय आणि त्यांना नागरी-धार्मिक हक्क देतो म्हणालेत, राजकीय हक्काचं नावच नाही. अजून एक, हाच बाल्फोर १९०५ ला पंतप्रधान असताना पूर्व युरोपातले ज्यू इंग्लंडमधे येऊ नयेत म्हणून कायदा झाला होता. आणि १९१७ च्या ब्रिटिश मंत्रिमंडळातला एकमेव ज्यू, माँटेग्यू, बाल्फोरच्या या घोषणेच्या विरोधात होता.

नंतरचं पटापट सांगतो कारण हे बरंच लोकांना माहीत असतं. १९२० आणि १९२१ ला दंगली. १९२२ ची ब्रिटिश शिरगणती बघा, साडेसात लाखांत ज्यू ८४ हजार. १९२९ ला वेलिंग वॉलच्या (जेरुसलेममधली ज्यूंची पवित्र भिंत) वादावरून भडका उडाला, हेब्रॉनमधे ६७ ज्यू मारले गेले, आणि हे सगळे काही नवे आलेले नव्हते, त्यांच्यात पिढ्यान् पिढ्या तिथलीच, अरबी बोलणारी घरंही होती. ही गोष्ट अरबांच्या बाजूने बोलणारे बहुतेकदा गाळतात, गाळू नये. आणि त्याच दिवशी हेब्रॉनच्या कितीतरी अरब घरांनी ज्यू शेजाऱ्यांना आत लपवून दाराशी उभं राहून वाचवलं, हे दुसऱ्या बाजूचे गाळतात.

१९३३ ला हिटलर आला आणि सगळा हिशोबच बदलला. अमेरिकेने १९२४ लाच कोटा लावून दार लोटलेलं, १९३८ ला फ्रान्समधल्या एव्हियॉंला बत्तीस देश जमले ज्यू निर्वासितांचं काय करायचं म्हणून, आणि जवळपास सगळ्यांनी हात झटकले. जायचं कुठे? १९३५ या एका वर्षात साठ हजारांवर ज्यू पॅलेस्टाईनला आले. अरबांना दिसत होतं की आपण आपल्याच घरात अल्पसंख्य होणार, १९३६ ला सहा महिन्यांचा संप, मग १९३९ पर्यंत बंड, ब्रिटिशांनी ते चिरडलं. आणि मग १९३९ ला, अगदी नको त्या वेळी, त्याच ब्रिटिशांनी श्वेतपत्रिका काढून पाच वर्षांत फक्त ७५ हजार ज्यू येऊ देऊ म्हटलं. पुढे युरोपात ६० लाख ज्यू मारले गेले. १९४७ ला एक्सोडस जहाजातून साडेचार हजार वाचलेले ज्यू आले तर त्यांना परत कुठे पाठवलं, जर्मनीला! त्यानंतर ज्यूंना "थोडं थांबा" कोण सांगू शकणार होतं? पण ज्यांनी भट्ट्या पेटवल्या नव्हत्या त्या अरब शेतकऱ्याने त्याची किंमत का मोजायची, हा प्रश्नही तेवढाच खरा आहे, आणि मला आजपर्यंत त्याचं उत्तर सापडलेलं नाही.

२९ नोव्हेंबर १९४७ ला युनोने ३३ विरुद्ध १३ मतांनी फाळणी मंजूर केली. ज्यू लोकसंख्या एक तृतीयांश, मालकीची जमीन सहा-सात टक्के, राज्याला मिळाली निम्म्याहून जास्त. ज्यूंनी मान्य केलं, अरबांनी नाही. ९ एप्रिल १९४८ ला दैर यासिन गावात शंभरावर अरब मारले, चारच दिवसांनी हदासा हॉस्पिटलला निघालेल्या ताफ्यात सत्तरच्या वर ज्यू, त्यात डॉक्टर, नर्सेस. १४ मे ला इस्रायल जाहीर, दुसऱ्या दिवशी अरब फौजा आत, आणि हे सगळं थांबेपर्यंत सात लाख पॅलेस्टिनी बेघर, चारशेवर गावं रिकामी. घराला कुलूप लावून किल्ली कमरेला, आठवड्याभरात येऊ म्हणून निघाले ते. त्या किल्ल्या आज नातवंडांकडे आहेत.

आणि बगदाद. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बगदादच्या लोकसंख्येत एक तृतीयांशाच्या आसपास ज्यू होते, इराकचा पहिला अर्थमंत्री सासून एस्केल हा ज्यू, तिथली लाडकी गायिका सलीमा मुराद ज्यू. १९४१ ला तिथे दोन दिवसांच्या दंगलीत पावणेदोनशेच्या वर ज्यू मारले गेले आणि १९५०-५१ ला सव्वा लाखाच्या आसपास ज्यू इराक सोडून गेले, घरदार, पैसा तिथेच टाकून. हे अरबी बोलणारे, अरबी गाणारे ज्यू. तुमच्या चौकटीतलं हजारो वर्षांचं वैर खरं असतं तर ही माणसं तिथे अडीच हजार वर्षं राहिली कशी?

तर संपादक साहेब, माझी एकच विनंती. पुढच्या वेळी या बातमीशेजारी चौकट द्यायची असेल तर इसहाक-इस्माईलची गोष्ट राहू द्या, १८९९ ची ती दोन पत्रं मराठी करून एकाशेजारी एक छापा. एका पानात बसतात दोन्ही.

आपला,
एक जुना वाचक