पोत्यावर विशेषण नको, आकडे छापा

मा. ग्राहक व्यवहार मंत्री यांस,

सविनय नमस्कार.

गेल्या हिवाळ्यात एका रात्री मी वजनकाटा आणि एक जाड चाळण घेऊन जमिनीवर बसलो होतो. समोर वुड पेलेटचे, म्हणजे दाबून बनवलेल्या लाकडी भुशाच्या कांड्यांचे, १५ किलोचे पोते. या कांड्या जाळून घर उबदार ठेवणारा पेलेट स्टोव्ह त्या दिवशी दुसऱ्यांदा विझला होता, घर गार पडत चालले होते आणि घरातली मंडळी माझ्याकडे 'आता हे काय नवीन' अशा नजरेने बघत होती. मी हट्टाने सगळे पोते चाळून काढले. खाली पडलेली भुकटी ४१० ग्रॅम भरली. म्हणजे पावणेतीन टक्के. पोत्यावर मात्र सोनेरी अक्षरांत 'प्रीमियम'.

माझी चाळण काही प्रयोगशाळेची नव्हे. तिथे ३.१५ मिलिमीटरच्या गोल भोकांची चाळण वापरतात. माझ्या मोजणीत थोडे इकडेतिकडे झाले असेल, हे मान्य. पण चांगल्या पेलेटमध्ये भुकटी १ टक्क्याच्या आत असावी असा दंडक आहे, आणि एनप्लस या प्रमाणपत्रात तर पोत्यांसाठी ही मर्यादा अर्धा टक्का आहे. पावणेतीन आणि अर्धा यांतला फरक चाळणीच्या माथी मारता येणार नाही.

विक्रेत्याचे नाव मी मुद्दामच लिहीत नाही. हे पत्र एका पोत्याविषयी नाही. ते पोते विकताना कोणता कायदा मोडला, हे मी शोधायला गेलो आणि एकही सापडला नाही, त्याविषयी आहे. 'प्रीमियम' या शब्दाला कायद्यात अर्थच नाही. तो पोत्यावर छापायला फक्त शाई लागते.

या मालाची गोम अशी की तो बाहेरून सगळा सारखाच दिसतो. लाकडाचा भुसा आणि रंध्याचा कीस वाळवायचा, बारीक करायचा आणि पोलादी साच्याच्या भोकांतून प्रचंड दाबाने रेटायचा. दाबाने आणि घर्षणाने तापल्यावर लाकडातले लिग्निन मऊ होते आणि निवताना तेच डिंकासारखे काम करते. बाहेर पडते ती ६ किंवा ८ मिलिमीटर जाडीची कांडी. आत स्वच्छ भुसा होता, साल होती, जमिनीवरून झाडून आणलेली माती होती की जुन्या रंगवलेल्या फर्निचरचा चुरा होता, हे कांडीकडे बघून सांगता येत नाही. लोक रंगावरून ठरवतात, फिकट म्हणजे उत्तम. हा निव्वळ समज आहे. लाकडाची जात बदलली किंवा भुसा जास्त तापमानाला वाळवला तरी कांडी काळपट होते. पाण्याचा ग्लासही लोक वापरतात. कांडी बुडाली तर ती घट्ट आहे एवढे कळते, आणि तेही ठीकच. राखेबद्दल मात्र ग्लास काही बोलत नाही.

आता किमतीकडे येतो. इथे एक गोष्ट आपल्या खात्याने सर्वांत आधी ध्यानात घ्यावी. वजनाच्या हिशेबाने सगळ्या लाकडातून उष्णता जवळजवळ सारखीच निघते. फरक पडतो तो मुख्यतः ओलाव्याने. १० टक्के ओलाव्याच्या पेलेटमधून किलोमागे साधारण ४.६ किलोवॉट-तास मिळतात, ६ टक्क्यांच्या पेलेटमधून सुमारे ४.८५. म्हणजे १५ किलोच्या पोत्यात एकीकडे ६९ आणि दुसरीकडे ७२-७३. जेमतेम ५ टक्क्यांचा फरक. चिडाचे, देवदाराचे लाकूड राळेमुळे आणि जास्त लिग्निनमुळे कठीण लाकडापेक्षा किंचित जास्त देते, पण तेही किंचितच. मग एक पोते दुसऱ्यापेक्षा एक-तृतीयांशाने महाग असते तेव्हा त्या जादा पैशांत गिऱ्हाईक नेमके काय विकत घेतो? उष्णता तर नक्कीच नाही. 'जादा उष्णता', 'दुप्पट ऊब' अशी वाक्ये पोत्यावर दिसली की मला हसू येते. दुप्पट ऊब देणारे लाकूड अजून कोणत्याही झाडाला आलेले नाही.

जादा पैसे द्यावेत असे कारण एकच, ते म्हणजे राख आणि भुकटी कमी असणे. आणि नेमकी हीच गोष्ट पोत्यावर लिहिलेली नसते.

राख म्हणजे नुसती घाण नव्हे. एका हिवाळ्यात ३ टन पेलेट जाळणारे घर धरा. राखेचे प्रमाण ०.३ टक्के असेल तर हंगामभरात ९ किलो राख. ०.७ टक्के असेल तर २१ किलो. २ टक्के असेल तर ६० किलो, आणि ती सगळी एका लहानशा जळणपात्रातून आणि धुराच्या अरुंद वाटेतून जाणार. पण खरा त्रास राख वितळते तेव्हा सुरू होतो. शुद्ध लाकडाची राख बरीच उष्णता सहन करते. तिच्यात साल, वाळू, माती मिसळली की ती कमी तापमानालाच मऊ होते, एकमेकींना चिकटते आणि पात्राच्या तळाशी ढेप बसते. क्लिंकर म्हणतात ते हेच. हवेची भोके बुजतात, ज्योत पिवळी आणि आळशी होते, काचेवर काजळी चढते आणि शेवटी यंत्र स्वतःच बंद पडते. त्या रात्री मी स्क्रूड्रायव्हरने खरवडून काढलेली ढेप आजही माझ्याजवळ आहे. वजनाला हलकी, भट्टीत जास्त भाजलेल्या झामा विटेसारखी, एका बाजूने काचेसारखी चकचकीत. लाकडातून काच निघत नाही. ती वाळूतून निघते. पोत्यावर '१०० टक्के शुद्ध लाकूड' असे लिहिले होते.

भुकटीचे दुखणे वेगळे. ती स्टोव्हच्या साठवणपेटीच्या तळाशी साचते, कांड्या पात्राकडे ढकलणाऱ्या मळसूत्रात अडकते, आणि पात्रात एकदम पडली की भडकते किंवा ज्योत गुदमरवते. इथे उत्पादकाची बाजूही सांगायला हवी. कारखान्यातून माल चांगला निघतो आणि वाटेत बिघडतो, असे पुष्कळदा होते. पोती चार वेळा आपटली, ट्रकमध्ये एकावर एक दाबली, फाटक्या प्लास्टिकखाली पावसात ठेवली, तर उत्तम कांड्यांचाही चुरा होतो. ओलावा लागला की कांडी फुगते आणि भुसा पुन्हा भुसा होतो. म्हणून कारखान्याच्या दारातली तपासणी अर्धीच तपासणी आहे.

आणि दोष नेहमी पेलेटचाच असतो असेही नाही. महिनाभर न झाडलेल्या स्टोव्हमध्ये सोन्याच्या कांड्या टाकल्या तरी त्या नीट जळणार नाहीत. माझाही स्टोव्ह त्या आठवड्यात फार स्वच्छ होता असे छातीठोकपणे म्हणवत नाही. पण साफसफाई करून दुसऱ्या पोत्यातला माल घातला तेव्हा तो सलग तीन दिवस चालला, आणि ढेप झाली नाही.

मंत्रीमहोदय, मानक नव्याने तयार करायचे कष्ट आपल्याला नाहीत. ते तयार आहे. आयएसओ १७२२५-२ हे आंतरराष्ट्रीय मानक २०१४ साली आले आणि २०२१ मध्ये सुधारले गेले. त्यात ए१, ए२ आणि बी असे तीन वर्ग आहेत. राखेची कमाल मर्यादा अनुक्रमे ०.७, १.२ आणि २ टक्के. ओलावा १० टक्क्यांपर्यंत. लांबी ४० मिलिमीटरपर्यंत, कारण लांब कांड्या मळसूत्रापाशी आडव्या पडून पूल बांधतात. स्टार्चसारखे मिश्रण जास्तीत जास्त २ टक्के. ए१ वर्गात क्लोरीनलाही कडक मर्यादा आहे आणि ती महत्त्वाची आहे, कारण रंगवलेले किंवा रसायन लावलेले लाकूड आत घातले की क्लोरीन वाढते, चिमणी गंजते आणि धूर विषारी होतो. २०१० साली जर्मनीत सुरू झालेले एनप्लस प्रमाणपत्र आता याच मानकाच्या पायावर उभे आहे. त्याच्या खऱ्या शिक्क्यावर कंपनीचा ओळख क्रमांक असतो. क्रमांक नसलेले, लांबून तसेच दिसणारे शिक्के छापणारेही आहेत, आणि बाजारात घाईत असलेला माणूस शिक्का बघतो, क्रमांक बघत नाही.

मानक आहे, पण मानक म्हणजे कायदा नव्हे. सरकार त्याला हात लावत नाही तोवर ते पाळणे ही ज्याची त्याची मर्जी.

म्हणून माझे मागणे असे. घरगुती वापराच्या प्रत्येक पोत्यावर वर्ग, ओलावा, राख आणि प्रत्यक्ष चाचणीतली उष्णता हे आकडे ठळक छापणे सक्तीचे करावे. वर्ग न तपासलेल्या मालावर 'वर्ग नाही' असेच लिहावे लागावे. 'प्रीमियम', 'सुपर', 'गोल्ड' हे शब्द वापरायचे तर ते ए१लाच वापरता यावेत. दुकानात किंमत पोत्यामागे लावतात तिच्याखाली दर किलोवॉट-तासाचा भावही लिहावा. पोती कुठे १५ किलोची, कुठे १० किलोची, कुठे त्याहून मोठी, आणि रात्री मुलांचा अभ्यास घेऊन झाल्यावर भागाकार करत बसायची कुणाला हौस नसते. हा एक आकडा लिहिला की 'दुप्पट ऊब' आपोआप गळून पडेल.

स्वस्त मालावर बंदी घाला असे मी म्हणत नाही, हे मुद्दाम सांगतो. ए२ वर्गाचा माल मोठ्या, स्वतःची राख स्वतः झाडणाऱ्या बॉयलरमध्ये चांगला चालतो. तिथे ए१चे पैसे मोजणे म्हणजे उधळपट्टी. अडचण आहे ती लहान स्टोव्ह असलेल्या माणसाला ए१च्या भावात बी विकण्याची.

उद्योगातले लोक सांगतील की लहान कारखानदार या चाचण्यांच्या खर्चाने मरतील. ओलावा मोजायला १०५ अंशांची भट्टी आणि तराजू लागतो. राखेला ५५० अंशांची भट्टी. कांडीचा टिकाऊपणा मोजायला एक फिरती पेटी: ५०० ग्रॅम पेलेट तिच्यात घालायचे, १० मिनिटांत ५०० फेरे द्यायचे, चाळायचे आणि उरले किती ते तोलायचे. पेलेटचा साचा विकत घेऊ शकणाऱ्याला हे जड नाही. उष्णतेचा आणि क्लोरीनचा नमुना तेवढा बाहेरच्या प्रयोगशाळेत जाईल.

मात्र हे सगळे आकडे छापून घेऊन कुणी तपासणारच नसेल तर आपण फक्त शाईचा खप वाढवू. नमुने दुकानातून, गोदामातून, सुटा माल घरी पोहोचवणाऱ्या टँकरमधून घ्यावेत, आधी न कळवता. निकाल नावानिशी जाहीर करावेत. भुकटी वाटेत झाली की कारखान्यात, हे ठरवायला प्रत्येक पोत्यावर बॅचचा क्रमांक आणि पॅकिंगची तारीख हवी. आज ती बहुतेकदा नसते.

एक गोष्ट किमतीशी संबंधित नाही, पण जिवाशी आहे. साठवलेल्या पेलेटमधून, विशेषतः ताज्या चिडाच्या, कार्बन मोनॉक्साइड निघतो. बंद कोठारात उतरलेली माणसे यात दगावली आहेत. खोलीभर सुटा माल घेणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला हवा खेळती ठेवण्याची आणि आत शिरण्यापूर्वी दार उघडे ठेवून वाट बघण्याची लेखी सूचना बिलासोबत मिळावी. याला कायदा बदलायचीही गरज नसावी, एक परिपत्रक पुरे.

माझ्यापुरते सांगायचे तर ती ४१० ग्रॅम भुकटी मी एका बरणीत ठेवली आहे आणि ढेप कागदात गुंडाळून. पोतेही घडी घालून ठेवले आहे. आपल्या खात्यातून कुणी तपासायला येणार असेल तर तिन्ही वस्तू देईन. फक्त पोत्यावर बॅच क्रमांक शोधू नये. मी दोन्ही बाजू आणि शिवण उलटून पाहिली आहे.

आपला,
एक पेलेट-गिऱ्हाईक