इंजिन खाली उतरवायच्या आधी क्लचची वायर तरी बघा!

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी दिंडोरी रोडकडचा शेतकरी, थोडी द्राक्षं आणि थोडा टोमॅटो. माझ्याकडे २००९ सालची तीनचाकी लोडिंग रिक्षा आहे, पेट्रोलवरची, फोर-स्ट्रोक. डांबरी रस्त्यावर ती कमीच असते, दिवसभर बागेतल्या पाणंदीतून, काळ्या मातीतून, बांधावरून क्रेट ओढत असते. आमच्या भागात अशा जुन्या गाड्या घरोघरी आहेत आणि पावसाळा आला की सगळ्यांची एकच तक्रार सुरू होते, क्लच गेला. म्हणून हे पत्र लिहितोय, कृपया छापा.

मागच्या ऑगस्टात टोमॅटो ऐन भरात असताना माझी गाडी चढाला ओढेना. रेस दिली की इंजिन नुसतं ओरडायचं आणि गाडी जागच्या जागी. एका गॅरेजला नेली (नाव लिहीत नाही, माणसं कष्टाळू आहेत), त्यांनी गाडी बघितली पण नाही नीट, आवाज ऐकला आणि म्हणाले क्लचच्या प्लेटा गेल्या. इंजिन उतरवलं, प्लेटा नवीन, स्प्रिंगा नवीन, मजुरी धरून ४२०० रुपये झाले आणि गाडी तीन दिवस बंद, त्या तीन दिवसात भाड्याच्या पिकअपने पिंपळगावला माल पाठवला त्याचे वेगळे. बरोबर तीन आठवड्यांनी पुन्हा तोच प्रकार, आणि या वेळी तेलाला जळका वासही यायला लागला.

मग सातपूरला एक म्हातारे मिस्त्री आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी पाना हातात घेतलाच नाही. आधी क्लचचा दांडा दाबून सोडला आणि म्हणाले, "भाऊ, हा बघ कसा दमल्यासारखा परत येतोय." मग इंजिन चालू करून पहिल्या गिअरला टाकली, दांडा पूर्ण दाबून धरला आणि हँडल एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे शेवटपर्यंत वळवलं. उजवीकडे गाडी शांत, डावीकडे वळवलं की हळूच पुढे सरकायला लागली. चाचा रिक्षाखाली आडवे झाले आणि मला पण वाकून बघायला लावलं. फ्लोअरच्या खाली जिथून वायर मागे इंजिनकडे जाते तिथे बाहेरचं काळं कव्हर दगडावर आपटून चेपलं होतं, बोटभर लांब, चपटं, आत चिखल वाळून बसलेला. म्हणजे आतली तार ओढली की जायची पण सोडल्यावर पूर्ण परत यायची नाही, क्लच कायम थोडा दाबलेलाच राहायचा आणि प्लेटा घासून घासून जळायच्या. जुन्या प्लेटा त्यानेच गेल्या होत्या, नव्या पण त्यानेच गेल्या. नवी वायर दोनशे रुपयांच्या आत आली. पण प्लेटा दुसऱ्यांदा घालाव्या लागल्याच ना साहेब, तो खर्च कुणाच्या डोक्यावर?

त्या दिवशी चाचांकडून जे शिकलो ते माझ्यासारख्यांना कळावं असं मनापासून वाटतं. गाडी ओढत नाही म्हणजे क्लच गेला असं नसतं. रेस वाढते आणि स्पीड वाढत नाही तेव्हा संशय क्लचवर घ्यायचा, पण रेसच पडते, इंजिन दबतं, तर मग कार्बोरेटर, फिल्टर, कॉम्प्रेशन (इंजिनातला दाब) बघा, नाहीतर ब्रेक चिकटलाय का बघा. थोडं अंतर चालवून मागच्या ड्रमजवळ हात न्या, एका बाजूला जास्तच धग लागली की कळतं. इंजिन गरम झाल्यावर रिकाम्या जागेत ब्रेक घट्ट दाबून तिसऱ्या गिअरला क्लच हळू सोडा, गाडी बंद पडली तर क्लच धरतोय, चालूच राहिली तर सटकतोय. हे एकदाच करायचं आणि दोन सेकंदात थांबायचं, नाहीतर आपणच प्लेटा जाळू.

उलटा प्रकार पण असतो, दांडा पूर्ण दाबून सुद्धा गिअर कडक पडतो, न्यूट्रल सापडत नाही, कर्र आवाज येतो. तेव्हा वायर ढिली झालेली असते, किंवा दांड्याजवळच्या गाठीशी तारेचे दोन-चार धागे तुटलेले असतात, आणि आपल्या हँडलवर गिअर असलेल्या गाड्यांमध्ये तर कित्येकदा क्लचचा काही दोषच नसतो, गिअरच्या दोन वायरींपैकी एक सैल पडलेली असते. दांड्याच्या मुळाशी दोन-तीन मिलिमीटर ढिलाई पाहिजेच, अजिबात नसेल तर क्लच सटकतो, फार असेल तर पूर्ण सुटत नाही. गाडी महिनाभर उभी राहिली असेल तर प्लेटा तेलाने एकमेकींना चिकटतात, म्हणून लगेच घाबरायचं नाही.

तेलाचं तर फारच वाईट चाललंय. आमच्यासारख्या गाडीत इंजिन, गिअर आणि क्लच एकाच तेलात बुडालेले असतात आणि दुकानदार कारचं तेल देऊन टाकतो, भारी आहे म्हणून. कारच्या बऱ्याच तेलांमध्ये घर्षण कमी करणारं रसायन असतं, ते कारला चांगलं पण ओल्या क्लचला नाही. डब्यावर जासो एमए (JASO MA) लिहिलेलं बघून घ्या, ही खूण जपानने १९९८ साली फोर-स्ट्रोक बाईकच्या तेलासाठी आणली, एमबी लिहिलेलं घेऊ नका. नव्या प्लेटा बसवायच्या आधी रात्रभर तेलात भिजवल्या का हे पण मिस्त्रीला विचारा, मी पहिल्या वेळी विचारलं नव्हतं.

आणि चूक आपलीही असते हे लिहिलं पाहिजे. गाडी पाचशे किलोच्या आतल्या मालाची आणि आपण वीस किलोचे चाळीस क्रेट चढवतो, चिखलात रुतली की खाली उतरून दोन क्रेट कमी करायचे सोडून अर्धा क्लच दाबून रेस देत बसतो.

माझी विनंती दोन ठिकाणी आहे. गॅरेजवाल्या भावांनी इंजिन उतरवायच्या आधी वायर, ढिलाई आणि तेल गिऱ्हाइकासमोर तपासावं आणि काढलेल्या जुन्या प्लेटा त्याच्या हातात द्याव्यात. आणि त्र्यंबक रोडच्या आयटीआयने द्राक्षाची छाटणी सुरू व्हायच्या आधी एखाद्या रविवारी शेतकऱ्यांच्या जुन्या तीनचाकी तपासायचं शिबिर ठेवावं, पोरांना पण हात बसेल. माझं ते चेपलेलं कव्हर शेडमध्ये खिळ्याला अडकवून ठेवलंय, शिबिर ठरलं तर दाखवायला घेऊन येतो.

आपला,
एक शेतकरी वाचक
दिंडोरी रोड, नाशिक