पडद्यावर बोली आली, मालिकांत कधी येणार?

प्रति,
संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

2025 या वर्षात चित्रपटगृहात जाऊन पाहिलेल्या मराठी चित्रपटांपैकी तीन अजून माझ्या मनातून जात नाहीत. ‘स्थळ’, ‘दशावतार’ आणि ‘साबर बोंडं’ हे ते तीन चित्रपट. कथा, मांडणी, खर्च, कलावंत अशा कोणत्याच बाबतीत त्यांचे एकमेकांशी साम्य नाही. तरीही तिन्ही एकाच कारणासाठी मला आवडले, हे एका संध्याकाळी घरात मालिका चालू असताना माझ्या लक्षात आले. या चित्रपटांतली माणसे जिथली आहेत तिथली भाषा बोलतात. आमच्या दूरचित्रवाणीवर मात्र माणसे कुठलीही असोत, सगळी एकाच गावची असल्यासारखी बोलतात. त्याबद्दल हे पत्र.

‘स्थळ’ मी आईला घेऊन पाहिला. मार्च महिन्यात, 7 तारखेला तो प्रदर्शित झाला आणि पुण्यात आम्हाला सोयीचा खेळ सकाळचाच मिळाला. आम्ही मूळच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या, आणि जयंत सोमलकर यांचा हा चित्रपट त्याच जिल्ह्यातल्या डोंगरगावात, गावातलीच माणसे घेऊन चित्रित झालेला आहे. कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याची मुलगी सविता शिकते आहे, तिला स्पर्धा परीक्षा द्यायची आहे, आणि दर काही दिवसांनी तिला पाहायला पाहुणे येतात. तेच पोहे, तोच चहा, त्याच पाटावर बसणे, आणि नाव, शिक्षण, उंची यांविषयीचे तेच प्रश्न. टोरांटोच्या चित्रपट महोत्सवात 2023 साली या चित्रपटाला आशियाई चित्रपटांसाठीचा नेटपॅक पुरस्कार मिळाला, हे मी वर्तमानपत्रात वाचले होते. पण तिथल्या परीक्षकांना जे ऐकू येणे शक्य नव्हते, ते आम्हा दोघींना पहिल्या दहा मिनिटांत ऐकू आले. पाहुण्यांना ‘बसा’ म्हणतानाचा बापाचा आवाज, बायकांनी आतल्या खोलीतून हळूच विचारलेले प्रश्न, नकार आल्यानंतरची ती शांतता, सगळे आमच्या घरातले होते.

परत येताना रिक्षात आई बराच वेळ गप्प होती. मग एकदम म्हणाली, “तुया बापाच्या घरचे मले पाहाले आले तई असंच होतं. उंची इचारली, मंग चालून दाखव म्हने.” मी चमकून तिच्याकडे पाहिले. पुण्यात आल्यापासूनच्या एकोणीस वर्षांत घराबाहेर, परक्या माणसासमोर, ती ‘मले’ म्हणाल्याचे मला आठवत नव्हते. सुरुवातीच्या दिवसांत सोसायटीतल्या एका बाईंनी तिच्या ‘मले-तुले’ची हसून नक्कल केली होती. त्यांच्या मनात वाईट नसावे, पण त्या दिवसापासून तिने चार लोकांत बोलणेच कमी केले आणि जे बोलली ते ‘मला-तुला’ असे जपून, शब्द निवडून. त्या सकाळी पडद्यावर दोन तास स्वतःची बोली ऐकल्यावर मात्र तिला तिच्या लग्नाची गोष्ट तिच्याच शब्दांत सांगता आली. ती गोष्ट मी त्याआधी कधीच ऐकली नव्हती.

बोलीत केवळ उच्चार वेगळे असतात, असे अनेकांना वाटते. ते तसे नाही. आमच्याकडे निघालेल्या पाहुण्याला ‘येजो’ म्हणतात. प्रमाण मराठीत त्याला ‘ये’ किंवा ‘येत जा’ म्हणता येईल, पण ‘येजो’मध्ये जी वाट पाहण्याची तयारी आहे, ‘आज नाही तर तुला जमेल तेव्हा, पण ये’ असा जो आग्रह आहे, तो त्या दोन्हींत उतरत नाही. असे रूप पात्राच्या तोंडून काढून घेतले की पात्राचा स्वभावही थोडा काढून घेतला जातो, असे माझे ठाम मत आहे.

सप्टेंबरमध्ये लागोपाठच्या दोन शुक्रवारी ‘दशावतार’ आणि ‘साबर बोंडं’ आले. ‘दशावतार’मध्ये दिलीप प्रभावळकर यांनी वयाच्या 81व्या वर्षी उभा केलेला बाबुली मेस्त्री पाहताना मी त्यांच्या अभिनयाइतकीच त्यांच्या भाषेकडे कान लावून होते. बाबुली हा दशावतार या कोकणातल्या लोकनाट्यातला नट, आणि दशावतारी नटाच्या तोंडी मुळातच दोन मराठी असतात. लिखित संहितेवाचून, ऐन वेळी सुचतील तसे संवाद म्हणत तो देवाच्या किंवा राजाच्या वेषात पल्लेदार मराठी बोलतो, आणि मुकुट उतरवून घरी आला की ‘माका’ आणि ‘तुका’वर येतो. त्यामुळे या कथेला मालवणी आवश्यकच होती, आणि दिग्दर्शक सुबोध खानोलकर यांनी ती कुठेही हसण्यापुरती वापरली नाही. उत्तरार्ध मला थोडा ताणलेला वाटला आणि पार्श्वसंगीत काही ठिकाणी फार मोठे. पण बाप-लेकाचे घरगुती बोलणे मी विसरणार नाही.

‘साबर बोंडं’चे मोठेपण निराळे. रोहन कानवडे यांच्या या चित्रपटाला जानेवारी 2025 मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक कथापटांच्या विभागातला ग्रँड ज्युरी पुरस्कार मिळाला. वडिलांच्या निधनानंतर दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी आलेला आनंद, ‘लग्न कधी करतोस’ म्हणून त्याच्या मागे लागलेले नातेवाईक, आणि लहानपणापासूनचा त्याचा मित्र बाळ्या, एवढीच त्याची कथा आहे. संगमनेरकडच्या खेड्यात, पार्श्वसंगीताचा आधार न घेता, दोन पुरुषांचे प्रेम इथे त्यांच्या रोजच्या बोलीत बोलले जाते. या विषयावर शहरी माणूस बोलायला लागला की त्याला इंग्रजी शब्दांची गरज भासते. इथे शेळ्या, शेत, चहा, विहीर यांच्या गप्पांतून सगळे सांगून होते, आणि आपल्या भाषेत हे सांगण्याची ताकद आधीपासून होती हे जाणवून मला फार आनंद झाला. याच वर्षी 1 मे रोजी आलेल्या ‘आता थांबायचं नाय’मधल्या महापालिका कामगारांची मुंबईची भाषाही मला अशीच खरी वाटली.

आता मालिकांविषयी. आमच्या घरी संध्याकाळी सात ते साडेनऊ दूरचित्रवाणी संच चालू असतो आणि मीही त्यातल्या दोन मालिका नेमाने पाहते, त्यामुळे मी हे वरवर पाहून लिहीत नाही. कथा नाशिकची असो, सांगलीची असो वा नागपूरची, नायक-नायिका एकच गुळगुळीत भाषा बोलतात. बोली येते ती घरातल्या कामवालीच्या, ड्रायव्हरच्या, विनोदी मामाच्या किंवा खलनायकाच्या तोंडी. वऱ्हाडीचे तर त्यांनी दोनच शब्द करून ठेवले आहेत, ‘काहून’ आणि ‘बे’. ते वाक्याला जोडले की झाले विदर्भाचे पात्र. शिकलेली, विचार करणारी, प्रेमात पडलेली मुलगी ‘मले’ म्हणते, असे मी मालिकेत पाहिलेले नाही. प्रत्यक्षात अशा शेकडो मुली आमच्याकडच्या महाविद्यालयांत आहेत.

त्यात भर म्हणून या गुळगुळीत भाषेवर हिंदीची छाया पडत चालली आहे. ‘मी तुला मदत करते’ऐवजी ‘मी तुझी मदत करते’, ‘तू हे बरं केलं नाहीस’ऐवजी ‘तू हे ठीक नाही केलंस’ अशी वाक्ये रोज कानांवर पडतात. इथे मला एक गोष्ट स्पष्ट करायची आहे. ‘तो मला बोलला’ या मुंबईच्या रूपाला अनेक वाचक नाके मुरडतात, पण ते माणसांच्या वापरातून घडलेले रूप आहे, आणि मुंबईच्या पात्राने ते जरूर वापरावे. माझा आक्षेप आहे तो कुठल्याही गावात न बोलल्या जाणाऱ्या, घाईने केलेल्या भाषांतरातून आलेल्या मराठीला.

बोली इतर भागांतल्या प्रेक्षकांना कळणार नाही, असे कारण नेहमी दिले जाते. ते मला पटत नाही. 2016 साली ‘सैराट’मधली करमाळ्याची भाषा साऱ्या महाराष्ट्राने ऐकली. त्याच वर्षी सुरू झालेल्या ‘रात्रीस खेळ चाले’मुळे आकेरी गावातल्या त्या वाड्यातली मालवणी घराघरांत पोहोचली, आणि ‘तुझ्यात जीव रंगला’मधल्या राणाचे ‘चालतंय की’ पुण्या-मुंबईच्या कार्यालयांत ऐकू येऊ लागले. पूर्व उत्तर प्रदेशच्या ढंगातली ‘पंचायत’ आपण आवडीने पाहतो; उपशीर्षके वाचत मल्याळी चित्रपट पाहतो. मग मराठी माणसाला वऱ्हाडी, अहिराणी किंवा मालवणी कळणार नाही, हे आधीच कसे ठरवले जाते?

आणि खरोखरच एखादे वाक्य अडत असेल, तर मराठी उपशीर्षके द्यावीत. ओटीटीवर मराठी चित्रपट लावला की बहुतेक वेळा इंग्रजी उपशीर्षके मिळतात, देवनागरीतली क्वचितच. माझ्या वडिलांना ऐकू कमी येते. त्यांना इंग्रजी वेगाने वाचता येत नाही, त्यामुळे घरात सगळे चित्रपट पाहत असताना ते मध्येच उठून जातात. बोलीतले संवाद जसे बोलले तसेच देवनागरीत लिहून पडद्यावर आले, तर त्यांचीही सोय होईल आणि त्या बोलीची लेखी नोंदही होईल. 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आम्ही घरी गोड केले होते; त्या दर्जात माझ्या आईची भाषाही धरलेली आहे, असे मी मानते.

वाहिन्यांना माझी विनंती एवढीच आहे की, ज्या भागातली कथा घ्याल त्या भागातला निदान एक संवादलेखक सोबत घ्यावा आणि बोलीत बोलण्याचा मान नायिकेलाही द्यावा. आपल्याकडेही एक विनंती आहे. आपल्या पुरवणीतल्या चित्रपट परीक्षणांत कथा, अभिनय, छायाचित्रण, संगीत यांविषयी नेमाने लिहिले जाते. संवाद कोणत्या बोलीत आहेत, कुणी लिहिले आहेत आणि त्या भागातल्या माणसाच्या कानाला ते कसे वाटतात, याविषयी मात्र सहसा एक ओळही नसते. येत्या शुक्रवारपासून ती ओळ सुरू करावी.

आपली नियमित वाचक,
पुणे