फरक उशिरा द्यायचा आणि वर जास्तीचा टॅक्स पण आम्हीच भरायचा?

मा. संपादक,
स. न.

मार्च जवळ आला की तुमच्या पेपरात टॅक्स वाचवायचे लेख सुरू होतात, ८० सी मध्ये दीड लाख टाका, मेडिक्लेम काढा वगैरे, सगळं बरोबर आहे, पण आमच्यासारख्या पगारदारांच्या खऱ्या कामाचं जे कलम ८९ आहे (१९६१ च्या आयकर कायद्यातलं, मागच्या वर्षांच्या पगाराचा फरक म्हणजे थकबाकी एकदम मिळाली तर टॅक्समध्ये सूट देणारं) त्याबद्दल एक ओळ वाचल्याचं मला तरी आठवत नाही. (मोबाईलवर टाईप करतेय, चुका सांभाळून घ्या.)

मी अनुदानित शाळेत शिक्षिका आहे. २४ वर्षं सर्व्हिस झाली की मिळते ती निवड श्रेणी (वरची वेतनश्रेणी) मला चार वर्षं उशिरा मिळाली आणि २०१८-१९ ते २०२१-२२ असा चारही वर्षांचा फरक, २ लाख ४० हजार, २०२२-२३ मध्ये एकदम खात्यात आला. स्टाफरूममध्ये पेढे वाटले. मग टॅक्स कापून आलेला फेब्रुवारीचा पगार बघितला तर किराणा भरायचा का दुधवाल्याचं बिल द्यायचं अशी गत. झालं काय, तर माझं टॅक्सेबल इन्कम एरवी ८ लाख ९० हजार, म्हणजे जुन्या रिजिममध्ये २० टक्क्यांच्या स्लॅबमधलं, ते फरकामुळे झालं ११ लाख ३० हजार आणि दहा लाखाच्या वरच्या १ लाख ३० हजारावर ३० टक्के लागले. हेच पैसे ज्या त्या वर्षी मिळाले असते तर दरवर्षी ६० हजारच वाढले असते आणि सगळे २० टक्क्यांतच बसले असते.

कलम ८९ मध्ये नेमका हाच जास्तीचा टॅक्स माफ होतो. माझ्या हिशोबात सेस (टॅक्सवरचा उपकर) धरून १३,५२० रुपये. नवी रिजिम (दर वेगळे, पण ८० सी सारख्या वजावटी नाहीत) घेतली तरी हा रिलीफ मिळतो. पण त्यासाठी आयकरच्या पोर्टलवर फॉर्म १० ई भरावा लागतो आणि तोही रिटर्नच्या आधी. आमच्या एका रिटायर्ड सरांनी रिटर्नमध्ये रिलीफ दाखवला पण फॉर्म भरलाच नाही, पाच-सहा महिन्यांनी मेल आला, रिलीफ नामंजूर, वर व्याजासकट डिमांड! अर्थात सगळ्यांनाच फायदा होतो असं नाही, फरक धरून पण स्लॅब तोच राहिला तर बहुतेक वेळा हातात काही येत नाही, तरी हिशोब करून तर बघावा.

आता खरी रड. फॉर्ममध्ये कुठल्या वर्षाचे किती ते वेगवेगळं टाकायचं असतं आणि माझ्या स्लिपवर एकच ओळ, 'निवड श्रेणी फरक रु. २,४०,०००', बास. ऑफिसात गेले तर भाऊसाहेब म्हणाले, "मॅडम, बिल एकत्र निघालंय, आता वर्षवार कुठून काढू?" अहो, वर्षवार तक्ता केल्याशिवाय बिल निघालंच कसं? तीन हेलपाटे घातल्यावर जुन्या फाईलमधून तो तक्ता निघाला, मी मोबाईलवर फोटो काढून आणला. आणि गंमत म्हणजे फॉर्म १० ई दिला तर टीडीएस (पगारातूनच कापला जाणारा टॅक्स) कापतानाच हा रिलीफ धरायची सोय कायद्यात आहे, पण फेब्रुवारीत मला हे कुणी सांगितलंच नाही.

तेव्हा मागणी एवढीच आहे की निवड श्रेणी असो, महागाई भत्ता असो की वेतन आयोग, फरकाचं बिल निघालं की वर्षवार तक्ता कर्मचाऱ्याच्या हातात द्या, एक कागद प्रिंट करायला कितीसा खर्च येतो? आणि तुम्हीही एकदा यावर सविस्तर छापा. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा, त्यात कलमांचे नंबरही वेगळे, त्यामुळे जुने-नवे दोन्ही नंबर द्या म्हणजे आम्हाला ऑफिसात कात्रण दाखवता येईल.

आपली,
एक शिक्षिका
(नाव छापू नये, त्याच ऑफिसात अजून माझं मेडिकल बिल पडलंय.)