ली टिएला वीस वर्षं

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

‘तो एव्हर्टनवाला चिनी आत का गेला रे?’ एवढंच तू विचारलंस; पण त्याचं उत्तर एका ओळीत मावणारं नाही.

तो चिनी म्हणजे फुटबॉलपटू ली टिए. शेनयांगचा, जन्म १९७७. पोरवयातच निवडक मुलांबरोबर त्याला ब्राझीलला फुटबॉल शिकायला धाडलं होतं. २००२ साली चीन पहिल्यांदा (आणि आजवर एकदाच) वर्ल्ड कपला गेला, तेव्हा मधल्या फळीत हाच होता. तीन सामने, तिन्ही हरले, गोल एकही नाही. तरी एव्हर्टन या इंग्लिश क्लबने त्याला नेलं. त्यांच्या जर्सीवर तेव्हा चिनी मोबाइल कंपनीचं नाव होतं, त्यामुळे ‘जाहिरातीसाठी आणलाय’ अशी कुजबुज झालीच. पण पठ्ठ्याने पहिल्या मोसमात जागा पक्की केली. त्याच मोसमात सोळा वर्षांचा वेन रूनी, पुढे इंग्लंडचा स्टार झालेला, त्या संघात उगवला. १ जानेवारी २००३ला समोर मँचेस्टर सिटीचा सुन जिहाय होता. दोन चिनी खेळाडू प्रीमियर लीगमध्ये आमनेसामने, आणि तिकडे चीनमध्ये कोट्यवधी लोक टीव्हीसमोर. पुढे दुखापतींनी त्याचं तिथलं बस्तान उठवलं.

खरी भानगड कोच झाल्यावर सुरू झाली. हेबेईचा क्लब, मग वुहान. दोन्ही संघ वरच्या लीगमध्ये चढले आणि दोन्हीकडे सामने ‘मॅनेज’ झाले. सरकारी टीव्हीच्या माहितीपटात त्याने स्वतःच सांगितलं, की हे तेव्हा सर्रास चालायचं. एकदा यश मिळालं की माणूस अधिकच उतावीळ होतो, मग त्याची सवयच लागते.

जानेवारी २०२०मध्ये तो राष्ट्रीय संघाचा कोच झाला. या खुर्चीसाठी तीस लाख युआन मोजले होते: वीस लाख वुहान क्लबने चीनच्या फुटबॉल संघटनेचे अध्यक्ष चेन शुयुआन यांना दिले, दहा लाख त्याने पदरचे सरचिटणिसांना. परतफेड कशी केली? वुहानचे चार खेळाडू राष्ट्रीय संघात घेतले. त्यांची ती कुवत नव्हती, हेही त्यानेच कबूल केलं. सुहास, माझं डोकं फिरतं ते इथे. पैसे खाणारे कुठे नाहीत? पण देशाची जर्सी विकायची, तीही स्वतः ती घालून नव्वदच्या वर सामने खेळलेल्या माणसाने!

चेनसाहेबांचं तर विचारूच नकोस. अध्यक्षपदाच्या निवडीच्या आदल्या रात्री दोघे स्थानिक पदाधिकारी त्यांच्या खोलीवर आले आणि प्रत्येकी तीन लाख युआनची पिशवी ठेवून गेले. मार्च २०२४मध्ये त्यांना जन्मठेप झाली. बरं, हे नवंही नाही. २००२च्या वर्ल्ड कपला गेलेले पंच लू जुन आणि चीनच्या त्या संघातला गोलकीपर जियांग जिन, दोघंही २०१२मध्ये फिक्सिंगपायी तुरुंगात गेले होते. तेव्हाही ‘आता साफसफाई झाली’ असंच सगळे म्हणत होते.

१३ डिसेंबर २०२४ला शियाननिंगच्या कोर्टाने ली टिएला वीस वर्षं ठोठावली. २०२५मध्ये अपीलही फेटाळलं गेलं.

तू म्हणशील, सगळेच बरबटलेले, मग यालाच एवढी का? मला ते पटत नाही. खालच्या डिव्हिजनमधल्या, पगार थकलेल्या पोराने पाकीट घेतलं तर मी समजू शकतो. याने तर कमावलेलं होतं, नाव होतं, बाहेरचं फुटबॉल पाहिलेलं होतं. फक्त त्या टीव्हीवरच्या कबुलीचा प्रकार मला खटकतो. खटल्याआधीच आरोपीला कॅमेऱ्यासमोर बसवून माफी मागायला लावायची, हा कुठला न्याय?

यावर तुझं काय म्हणणं आहे ते सविस्तर लिही. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
नितीन