दोन आडव्या रेघा

कराड, शनिवार रात्र

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

दादा उद्या पहाटेच्या एसटीनं पुण्याला येतोय. त्याच्याकडे डबा देतेय, डब्याच्या पिशवीत हे पत्र आहे. फोनवरच बोलले असते, पण फोनवर तू माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाहीस आणि राग आला की मला शब्द सापडत नाहीत. हो, राग आलाय. त्याचं पुढे सांगते.

आधी तुमच्या कॉलेजच्या प्रोजेक्टमधलं, बोटावरून रक्तातला प्राणवायू आणि छातीवरून ईसीजी मोजणाऱ्या त्या यंत्रातलं, जे आवडलं ते. काल रात्री तू रडकुंडीला आली होतीस. बोटाच्या सेन्सरसाठी दिवसभर स्क्रीनवर एकच ओळ, सेन्सर सापडत नाही. वायरी बदलल्यात, पुन्हा सोल्डरिंग केलंत, शेजारच्या ग्रुपचा बोर्ड मागून आणलात, तर तोही मुका. आणि आज सकाळी कुणीतरी त्या बोटाएवढ्या बोर्डावरचे दोन बारीक रेझिस्टर दाखवले. ते बांधलेले १.८ व्होल्टला, आणि तुमचा आर्डुइनो, म्हणजे सेन्सरचं ऐकणारा तो छोटा कॉम्प्युटर बोर्ड, ५ व्होल्टचा, त्याला इतकं हळू ऐकूच येत नाही. ते काढून बाहेरून ४.७ किलोओहमचे दोन ३.३ व्होल्टला लावले आणि सेन्सर बोलू लागला. 'आई, एक कुजबुजत होता आणि दुसरा ठार बहिरा,' असं तू म्हणालीस ना, ते मी आज ओपीडीत दोघीतिघींना सांगितलं.

दुसरी तक्रार ईसीजीची. 'एडी ८२३२ बोर्ड खराब आहे, रेघ नुसती केसाळ येतेय.' अगं, ती केसाळ रेघ तुझ्या आईच्या पोटापाण्याची आहे. हृदयाचा सिग्नल जेमतेम एक मिलिव्होल्टचा, आणि भिंतीतली वायर, ट्यूबलाइट, पंखा, चार्जर या सगळ्यांची ५० हर्ट्झची गुणगुण आपल्या अंगावर उतरलेली. आम्ही काय करतो सांगू? खाट भिंतीपासून हातभर ओढायची. पंखा बंद. पेशंटच्या खिशातला मोबाइल काढून घ्यायचा. तो कुडकुडत असेल तर आधी ब्लँकेट द्यायचं, कारण थरथरणाऱ्या स्नायूंचीही वीज रेघेत शिरते. आणि या सगळ्याच्या आधी, स्पिरिटच्या बोळ्यानं त्वचा पुसायची, नीट, घाम आणि तेल जाईपर्यंत. बहुतेक वेळा तिथंच काम होतं. तुमच्यापैकी कुणी कातडी पुसली होती का? नसणारच. सगळे कोडमध्ये फिल्टर शोधत बसला असाल.

नेदरलँड्समध्ये लायडनला आइंटहोवन नावाच्या शास्त्रज्ञानं पहिले ईसीजी काढले तेव्हा माणसाचे दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवलेले असायचे. १९२४ चं नोबेल मिळालं त्याला. आपली चिकटणारी इलेक्ट्रोड म्हणजे त्याच भांड्याचं बटणाएवढं रूप, आत खारट जेलच आहे. ते वाळलं की संपलं. पाकीट फोडून दोन दिवस टेबलावर टाकलेली इलेक्ट्रोड लावू नका.

त्या तिसऱ्या वायरीचं मात्र तू मला शिकवलंस. उजव्या पायाची काळी वायर मी बावीस वर्षं लावतेय, मला वाटायचं ते अर्थिंग. ती अंगावरची गुणगुण उलटी करून परत अंगातच सोडते आणि दोन्ही मिळून शांत होतात, हे आज कळलं. (आमच्याकडे उजवा हात लाल, डावा पिवळा, डावा पाय हिरवा, उजवा पाय काळा. अमेरिकन वायरींत उजवा हात पांढरा आणि काळा डाव्या हाताला. तुमच्या किटात आणखी तिसरेच रंग निघतील. रंगावर जाऊ नकोस, बोर्डावर छापलेली अक्षरं वाच. मी एकदा रात्रपाळीत दोन हातांच्या वायरींची अदलाबदल केली होती, तेव्हा डॉक्टरांनी कागद बघून विचारलं, 'याचं हृदय उजवीकडे आहे का हो?')

आणि एक गोष्ट मात्र ऐकायचीच. छातीला इलेक्ट्रोड लावलेली असताना लॅपटॉपचा चार्जर भिंतीतून काढलेला हवा. बॅटरीवरच चालवायचं. यावर चर्चा नाही.

आता बोटाच्या सेन्सरचं. तुला आठवतं का, लोडशेडिंगच्या रात्री तू आणि दादा बॅटरीवर तळहात ठेवून 'रक्त दिसतंय, रक्त दिसतंय' करून ओरडायचात? बोटं लालभडक पेटायची. तुमचा मॅक्स ३०१०२ तेच करतो, फक्त त्याच्याकडे दोन दिवे आहेत, एक लाल आणि एक डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड. प्राणवायू घेतलेलं रक्त लाल उजेड सोडून देतं आणि इन्फ्रारेड जास्त शोषतं, प्राणवायू नसलेल्याचं उलटं. पण बोटात नुसतं रक्त नाही, कातडी आहे, हाड आहे, नख आहे. ते सगळं वगळायचं कसं?

याचं उत्तर जपानच्या निहोन कोडेन कंपनीतल्या ताकुओ आओयागी नावाच्या इंजिनिअरला १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सापडलं, तेही दुसरंच काही शोधताना. हृदय मिनिटाला किती रक्त फेकतं हे तो रक्तात रंग सोडून, कानाच्या पाळीतून उजेड पाठवून मोजत होता. आणि नाडीचे ठोके त्याची रेघ बिघडवत होते. ती लहर घालवायचा प्रयत्न करता करता त्याच्या लक्षात आलं, की हलतंय तेवढंच धमनीतलं रक्त, बाकी सगळं स्थिर. म्हणजे जो गोंगाट तो पुसत होता, त्यातच त्याला हवं ते होतं. आओयागी २०२० च्या एप्रिलमध्ये गेले. त्या महिन्यात जगभर माणसं औषधाच्या दुकानांत त्यांचंच यंत्र, ऑक्सिमीटर, मागत होती, आणि नाव कुणालाच माहीत नव्हतं. मलाही नंतर कळलं.

तू मला रक्तातल्या प्राणवायूच्या टक्केवारीचं ते सूत्र सांगितलंस, ११० वजा २५ गुणिले आर. लाल दिव्याची लहर आणि इन्फ्रारेडची लहर, दोन्ही आपापल्या स्थिर उजेडाशी ताडून बघायच्या आणि त्यांचं गुणोत्तर म्हणजे आर. मी भाकरी थापता थापता तोंडी हिशेब केला. बोट हललं तर दोन्ही दिव्यांना सारखाच धक्का, म्हणजे आर एक, म्हणजे ८५. मुक्ता, माझा हात तव्याजवळच थांबला. थंडीनं कापणाऱ्या, घाबरून थरथरणाऱ्या माणसांच्या बोटावर किती वेळा मी ८५ च्या आसपासचा आकडा पाहिलाय! हात चोळून गरम केला, पुन्हा लावलं, की ९६. आम्ही म्हणायचो, 'मशीन वेडं आहे.' मशीन वेडं नव्हतं. त्याला माणसाऐवजी धक्का ऐकू येत होता आणि तो त्यानं इमानदारीनं गणितात घातला.

आता रागाचं.

'सोमवारी डेमो आहे, परीक्षक येणार, ऐन वेळी आकडा नाचला तर काय करायचं म्हणून आमच्या ग्रुपमधल्या रोहननं कोडमध्ये एक ओळ टाकलीय,' असं तू हसत सांगितलंस. बोट ठेवलं की ९६ ते ९९ मधला कुठला तरी आकडा दाखवायचा. रँडम. 'सगळेच करतात गं आई.'

करत असतील. मी तुला एक गोष्ट सांगते, जी मी तुझ्या बाबांनाही पुरती सांगितलेली नाही.

२०२१ चा एप्रिल, कोरोनाचा. तू दहावीत होतीस. ईसीजीची खोली बंद करून आम्हा सगळ्यांना वॉर्डात लावलं होतं. तू बघितलंस, मी घरी येऊन अंगणातच अंघोळ करायचे. त्याच्या आदल्या वर्षी सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' निघालं, तेव्हा आशाताई दारोदार ऑक्सिमीटर घेऊन फिरल्या होत्या. त्यामुळे लोकांनाही आकडा कळायला लागला होता. ९४ च्या खाली गेलं की घरं हादरायची. वॉर्डात मी एका रात्री चाळीस जणांचे आकडे रजिस्टरात भरत होते, पीपीईच्या आत घामानं निथळत. एका कोपऱ्यातल्या खाटेवरच्या काकांच्या बोटाला यंत्र लावलं, तर काहीच येईना. दोन आडव्या रेघा. बोट बदललं, तरी रेघा. हात गार होते. काका म्हणाले, 'बरं वाटतंय हो ताई, जा तुम्ही.' नीट बोलत होते, मोबाइलवर काहीतरी बघत होते. आणि मी रजिस्टरात वरच्या ओळीतला आकडा खाली उतरवला. ९५.

पहाटे सिस्टरनं पाहिलं तेव्हा ८१ होता. तोपर्यंत ते तसेच नीट बोलत होते, त्या आजाराची ती खोडच होती. लगेच ऑक्सिजन लावला. अठरा दिवसांनी घरी गेले, म्हणून मी हे लिहू शकतेय. मला कुणी काही बोललं नाही, कारण कुणाला कळलंच नाही. रजिस्टर स्वच्छ होतं.

त्या दोन आडव्या रेघा मला सांगत होत्या, 'बाई, मला कळत नाही, तू बघ.' यंत्रानं आपलं काम चोख केलं होतं. रोहनची ती ओळ मी वॉर्डात स्वतःच्या हातानं लिहिली, एवढंच.

तेव्हा ती ओळ काढा. तुमच्या यंत्राला आधी गप्प बसता यायला हवं. अवघड नाही, तूच सांगितलंस त्यातूनच सांगते. बोट नसेल तर परत येणारा इन्फ्रारेड उजेड एकदम पडतो, तो बघा. लहर फार बारीक असेल तर रेघा दाखवा. मनगटावरच्या बेल्टात तो हालचाल ओळखणारा सेन्सर घातलाय ना तुम्ही, नुसती पावलं मोजायला? हात हलतोय असं त्यानं सांगितलं की तेवढे सेकंद आकडा देऊ नका. ईसीजीच्या बोर्डाला तर वायर सुटली हे सांगणाऱ्या दोन पिना आहेत, एलओ प्लस आणि एलओ मायनस. त्या जोडल्यात का? परीक्षकांनी विचारलं 'आकडा का येत नाही', तर कारण सांगता येईल. 'आकडा का येतो' याचं कारण रँडममध्ये सांगता येणार नाही.

आणि तपासता कुणावर तुम्ही? चौघांवर. चौघांची बोटं विशीतली, मऊ, एसी लॅबमधली. २०२० च्या डिसेंबरात मिशिगन विद्यापीठातल्या डॉक्टरांनी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापलं होतं. ज्या पेशंटांचा ऑक्सिमीटर ९२ ते ९६ म्हणत होता, त्यांच्या धमनीतलं रक्त तपासलं, तर कृष्णवर्णीयांत जवळजवळ १२ टक्क्यांचं खरं प्रमाण ८८ च्या खाली होतं, गोऱ्यांत ४ टक्क्यांहूनही कमी. हे स्वस्तातल्या खेळण्यांचं नाही, दवाखान्यातल्या यंत्रांचं. आपल्याकडे तर उन्हात रापलेले हात, मेंदी, नेलपॉलिश, विळ्या-कोयत्यानं घट्टे पडलेली बोटं. कॅन्टीनवाल्या मावशींना, वॉचमनकाकांना विचारून बघा, तयार असतील तर त्यांची बोटं घ्या. आकडे मात्र त्यांच्या नावानिशी कुठं लिहून ठेवू नका, आणि 'तुम्हाला काही झालंय' असं तर मुळीच सांगू नका. तुमचं यंत्र अजून त्या लायकीचं नाही. रागावू नकोस, खरं तेच सांगतेय.

रोहनला ओरडू नकोस. चांगला मुलगा वाटतो. हे पत्र वाचायला दिलंस तरी चालेल, काकांचा भागही.

डब्यात वरच्या कप्प्यात मेथीचे पराठे, खाली शेंगदाण्याची चटणी. पिशवीच्या बाजूच्या खणात नव्या इलेक्ट्रोडचं पाकीट आणि स्पिरिटचे बोळे आहेत, माझ्या पैशांनी दुकानातून आणलेत, दवाखान्यातून नाही. पाकिटावरची तारीख बघून घे.

दादा नऊ-साडेनऊला स्वारगेटला उतरेल. त्याला आधी हात धुवायला लाव आणि मग त्याचं बोट घे. गॅरेजमधलं बोट आहे, नखाखाली कायमचं ग्रीस, पेराला जाड कातडी. तुमच्या सेन्सरला असं गिऱ्हाईक अजून भेटलेलं नाही. रेघा आल्या तर फोटो काढून पाठव.

तुझी,
आई